नागपूरच्या वस्तीत सामुदायिक रेडिओ केंद्र कसे उभारावे

सामुदायिक रेडिओ केंद्र काढण्याचा विचार करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते भेटले, की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ट्रान्समीटर केवढ्याला मिळतो हा असतो आणि दुसरा मनोरा किती उंच लागतो हा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतात आणि मनोऱ्याच्या उंचीचे पुढे दिलेही आहे. पण कामाचा क्रम याच्या उलट असावा, असे माझे अनुभवांती ठाम मत झाले आहे. हे केंद्र कोणाचे बोलणे ऐकवणार आहे आणि ती माणसे आजपासून, म्हणजे ट्रान्समीटर येण्याच्या कितीतरी आधीपासून, बोलायला बसणार आहेत का, हे आधी ठरले पाहिजे. ज्यांनी ते ठरवले नाही, त्यांच्याकडे परवानगी आल्यावर सहाव्या महिन्यात दिवसभर गाणी वाजू लागतात, आणि गाणी ऐकवायला नागपुरात खासगी वाहिन्या आहेतच.

हे माध्यम आपल्या हाती कसे आले, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण अर्जातील अनेक अटींचा अर्थ त्यातून लागतो. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात स्पष्ट केले. त्यानंतर प्रथम शिक्षणसंस्थांना परवानगी मिळू लागली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईत अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही हा मार्ग खुला केला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी आजच्या तेलंगणात जहीराबादजवळ दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेला ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. आपल्या राज्यात म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ याच पिढीतली. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हा देशात अशी सुमारे ४८० केंद्रे चालू होती. नागपूरच्या जुन्या श्रोत्यांना रेडिओ म्हटले की १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालेले आकाशवाणीचे केंद्रच आठवते, आणि त्या केंद्राने विदर्भाच्या बोलीला व कलावंतांना दिलेले स्थान मोठेच आहे. परंतु आकाशवाणीला साऱ्या विदर्भाशी बोलायचे असते, तर सामुदायिक केंद्राला चार वस्त्यांशी. हा फरक मनात पक्का असेल, तर पुढचे निर्णय सोपे जातात.

क्षेत्र आधी आखावे

सामुदायिक केंद्राला साधारणपणे १०० वॅट इतकी प्रभावी प्रक्षेपणशक्ती वापरता येते आणि अँटेनाची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंत ठेवता येते. एवढ्या शक्तीत नागपूरसारख्या बऱ्यापैकी सपाट शहरात दहा-बारा किलोमीटरपर्यंत आवाज पोहोचू शकतो. मात्र एफएमच्या लहरी सरळ रेषेत जात असल्याने टेकडी, उड्डाणपूल आणि उंच इमारतींच्या मागे तो क्षीण होतो. महाल-इतवारीच्या बाजूस मनोरा उभारणाऱ्या संस्थेने कामठी भरवशाने हिशेबात धरू नये आणि बुटीबोरी तर मुळीच धरू नये. नकाशावर कंपासाने वर्तुळ काढावे, पण त्यावर थांबू नये. त्या वर्तुळात कोण राहते, कोणत्या भाषेत बोलते, कोणत्या वेळी घरी असते आणि रेडिओ ऐकण्याचे साधन कोणाकडे आहे, हे घरोघरी जाऊन लिहून काढावे.

नागपुरात हा भाषेचा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. एकाच वर्तुळात नागपुरी वळणाची मराठी, हिंदी, मोमिनपुऱ्यातील उर्दू, जरीपटक्यातील सिंधी, आणि कामाच्या शोधात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची छत्तीसगढी किंवा गोंडी असू शकते. सर्वांना एकाच प्रमाण भाषेत बसवण्याचा मोह आवरावा. धोरणाची अपेक्षाही कार्यक्रम स्थानिक भाषेत व बोलीत असावेत आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत अशीच आहे. “तुम्ही काय करून राहिले?” असे विचारणाऱ्या निवेदिकेला “काय करीत आहात?” असे म्हणायला शिकवू नये, कारण तिचे बोलणे ऐकूनच शेजारीण आपणही माइकपुढे बसू शकतो असे समजते.

साधनाची पाहणीही प्रामाणिकपणे करावी. पुष्कळ घरांत आता रेडिओ संच नाही आणि एफएमची सोय असलेल्या मोबाइलवर ऐकण्यासाठी बहुधा हेडफोनची वायर जोडावी लागते, कारण तीच अँटेनाचे काम करते. ज्या वस्तीत संच कमी आहेत तेथे पानठेला, पिठाची गिरणी, शिवणकामाचे केंद्र, ऑटोचा थांबा अशी एकत्र ऐकण्याची ठिकाणे शोधून तेथे एकेक संच ठेवण्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी.

ट्रान्समीटरशिवाय एक वर्ष

अर्ज करणारी संस्था किमान तीन वर्षे नोंदणीकृत असावी आणि त्या समाजात तिचे काम दिसावे, अशी अट आहे. संस्था जुनी असली तरी रेडिओचे काम नवेच असते, म्हणून अर्जापूर्वीचे वा अर्ज प्रलंबित असतानाचे एक वर्ष मी फार मोलाचे मानतो. या काळात कार्यक्रम तयार करावेत आणि ते ट्रान्समीटरविना ऐकवावेत. या क्षेत्रात त्याला नॅरोकास्टिंग म्हणतात. बचत गटाच्या बैठकीत, समाजमंदिरात, अंगणवाडीसमोर छोट्या स्पीकरवर वीस मिनिटांचा कार्यक्रम लावावा आणि श्रोते काय बोलतात ते बाजूला बसून लिहून घ्यावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे ध्यानात ठेवून बैठकीची वेळ ठरवावी.

यातून होणारे शिक्षण कोणत्याही कार्यशाळेत मिळत नाही. आम्ही तयार केलेला ॲनिमियावरचा एक कार्यक्रम डॉक्टरांच्या सविस्तर मुलाखतीमुळे आम्हाला अतिशय चांगला वाटला होता. बैठकीतील स्त्रिया मात्र सातव्या मिनिटाला आपसांत बोलू लागल्या आणि त्यांचे बोलणे होते रेशनच्या दुकानातील धान्याविषयी. पुढचा कार्यक्रम आम्ही त्याच बोलण्यापासून सुरू केला, लोहाच्या गोळ्यांचा विषय त्यात अकराव्या मिनिटाला आला, आणि तो शेवटपर्यंत ऐकला गेला. माहिती तीच होती. तिच्याकडे नेणारी वाट मात्र ऐकणाऱ्यांच्या घरातून निघाली होती.

कार्यक्रमांचे विषय शहराच्या वर्षातच दडलेले असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींच्या मिरवणुकीचे वर्णन सगळेच करतात. सामुदायिक केंद्राने त्याआधी काही आठवडे त्या मारबती घडवणाऱ्या हातांशी बोलावे, कागद, बांबू आणि रंग कोठून येतात ते विचारावे, आणि “घेऊन जा गे मारबत” या आरोळीत यंदा वस्ती कोणती पीडा घालवू इच्छिते, ते लहान मुलांकडून वदवून घ्यावे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणारी भुलाबाईची गाणी ज्या आज्यांना पाठ आहेत त्यांच्याकडून ती पूर्ण, न कापता, ध्वनिमुद्रित करावीत. प्रसारणात दोन कडवीच गेली तरी संग्रहात सगळे राहू द्यावे. उन्हाळ्यात उष्माघात, पाण्याचा टँकर आणि शाळांचे प्रवेश, दिवाळीनंतर संत्र्याचा आंबिया बहार आणि कळमन्याच्या बाजारातील हमालांचे काम, असा आराखडा वर्षभराचा करता येतो.

ध्वनिमुद्रणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नवीन केंद्रांचे बहुतेक दोष येथेच असतात. साधा डायनॅमिक माइक आणि हातातील रेकॉर्डर पुरेसा आहे. माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर आणि किंचित तिरका धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना फुंकर थेट आत जात नाही. मुद्रण वेव्ह स्वरूपात ४४.१ किलोहर्ट्झवर करावे आणि आवाजाची पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण फाटलेला आवाज नंतर कोणत्याही उपायाने सांधता येत नाही. संपादनासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर उत्तम चालते. खोलीतला घुमारा घालवायला भिंतींवर गोधड्या, जुन्या गाद्या आणि चटया टांगाव्यात. अंड्यांचे ट्रे लावून बाहेरचा आवाज अडतो, हा गैरसमज पुष्कळांचे पैसे वाया घालवतो. बाहेरचा आवाज जड भिंत, जाड दार आणि बंद फटी यांनीच अडतो.

नागपूरची खास अडचण म्हणजे कूलर. एप्रिल ते जून या काळात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना कूलरशिवाय बसता येत नाही आणि कूलर चालू असताना मुद्रण करता येत नाही. यावर आम्हाला सापडलेला उपाय वेळापत्रकाचा आहे: उन्हाळ्यात मुलाखती सकाळी सहा ते नऊ या वेळेत घ्याव्यात, संपादन दुपारी करावे, आणि घरी जाऊन मुद्रण करायचे असल्यास पाहुण्यांना दहा मिनिटांसाठी पंखा बंद करण्याची विनंती आधीच करावी, नाहीतर मुलाखत रंगात आल्यावर ती करणे अवघड जाते.

प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी बोलणाऱ्याची संमती त्याच्याच आवाजात मुद्रित करावी. आजार, घरगुती हिंसा, कर्ज अशा विषयांत नाव व वस्ती उघड करायची का, हे मुलाखतीनंतर पुन्हा एकदा विचारावे, कारण बोलून झाल्यावर माणसाचा निर्णय बदलतो. कमी अंतराच्या रेडिओत नाव गाळले तरी आवाज ओळखला जातो, याची कल्पना त्यांना स्पष्ट शब्दांत द्यावी.

अर्ज आणि परवानग्या

अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ या संकेतस्थळावर ऑनलाइन करावा लागतो. व्यक्ती, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या, राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी संलग्न संघटना, तसेच सरकारने बंदी घातलेल्या संघटना यांना अर्ज करता येत नाही. महाराष्ट्रात बहुतेक संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास व्यवस्थेखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. त्यांची घटना, नोंदणी प्रमाणपत्रे, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि बदल अर्ज मंजूर झालेली विश्वस्तांची यादी अर्जाला बसण्यापूर्वी एकाच फायलीत जमवावी. विश्वस्त मंडळातील बदलाची नोंद धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असेल, तर ती आधी मार्गी लावावी. अर्ज अडकण्याचे ते एक सर्वसाधारण कारण आहे.

अर्जाची छाननी व अन्य मंत्रालयांची संमती झाल्यावर ‘लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे इरादापत्र मिळते आणि २०२४च्या तत्त्वांनुसार त्याची मुदत एक वर्षाची व अडचण आल्यास त्यावर आणखी तीन महिन्यांची असते. या मुदतीत दूरसंचार विभागाकडून वारंवारता आणि जागेची सॅक्फा मंजुरी घ्यायची असते. सॅक्फाची समिती प्रस्तावित मनोऱ्याची जागा व उंची विमान वाहतुकीसह इतर यंत्रणांच्या दृष्टीने तपासते, म्हणून सोनेगाव विमानतळाच्या बाजूस जागा पाहणाऱ्यांनी समुद्रसपाटीपासूनची उंची आणि अक्षांश-रेखांश सेकंदापर्यंत अचूक मोजून घ्यावेत. मोबाइलवरील अंदाजे आकडे टाकून अर्ज केल्यास तो परत येतो. त्यानंतर मंत्रालयाशी परवानगी-करार होतो. २००६च्या धोरणात त्यासाठी पंचवीस हजार रुपयांची बँक हमी सांगितली आहे. २०२४पासून कराराची प्रारंभीची मुदत दहा वर्षे आहे. शेवटी वायरलेस परवाना हाती आला, की प्रक्षेपण सुरू करता येते. परवाना नसताना चाचणीच्या नावाखालीही ट्रान्समीटरवरून आवाज हवेत सोडू नये.

केंद्राच्या कार्यक्रमांवर देखरेख ठेवणाऱ्या सल्लागार आणि आशय समितीत निदान निम्म्या स्त्रिया असाव्यात, ही २०२४ची अट केवळ कागदावर पाळली जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. बैठकीची वेळ दुपारी दोनची ठेवली तर घरकामाला जाणाऱ्या बाया येऊ शकतात आणि सायंकाळी सातची ठेवली तर येऊ शकत नाहीत. समिती कोणाची आहे, हे अशा साध्या निर्णयांनी ठरते.

यंत्रसामग्री

ट्रान्समीटर, अँटेना, कोॲक्सियल केबल, मिक्सर, दोन संगणक, तीन-चार माइक, फोन जोडण्याचे हायब्रिड यंत्र आणि पुरेशा क्षमतेचा यूपीएस, एवढ्यात केंद्र उभे राहते. उपकरणांच्या खर्चाचा काही भाग मंत्रालयाच्या सामुदायिक रेडिओ साहाय्य योजनेतून मिळू शकतो, तेव्हा खरेदी करण्यापूर्वी त्या योजनेच्या अटी वाचाव्यात. अँटेना अथवा डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा भार) जोडल्याशिवाय ट्रान्समीटर कधीही सुरू करू नये, कारण परत फिरलेली शक्ती त्याचा शेवटचा टप्पा जाळते. परावर्तित शक्तीचे मापन रोज सकाळी वहीत लिहावे. आकडा हळूहळू चढू लागला, तर केबलच्या जोडात पाणी शिरले आहे असे बहुधा समजावे. मृगाच्या आधी गडगडाटी पाऊस येतो, त्यापूर्वी वीजरोधक व अर्थिंगचा खड्डा तपासून त्यात मीठ-कोळसा-पाणी घालून घ्यावे. ट्रान्समीटरच्या खोलीत पश्चिमेची भिंत तापणार नाही आणि हवा खेळती राहील, अशी व्यवस्था मे महिना डोळ्यांपुढे ठेवूनच करावी.

काय बोलता येते

स्वतंत्र बातम्या देण्यास सामुदायिक केंद्रांना परवानगी नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे मूळ स्वरूपात किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून देता येतात. ही मर्यादा मला स्वतःला अन्याय्य वाटते, पण ती पाळूनही पुष्कळ काही करता येते. वाहतूक, हवामान, पाणी व वीज पुरवठा, परीक्षा, रोजगाराच्या संधी, सांस्कृतिक कार्यक्रम आणि नैसर्गिक आपत्तीसंबंधीची स्थानिक माहिती बातमी मानली जात नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा कोणती गल्ली बंद आहे, कोणत्या शाळेत निवारा आहे आणि प्यायचे पाणी कोठे मिळेल, हे त्या-त्या वस्तीच्या भाषेत सांगणारा एक आवाज किती उपयोगी पडला असता, याचा विचार करावा. अशा दिवसासाठी महापालिकेच्या आपत्ती कक्षाशी आधीच लेखी बोलणी करून, कोणाकडून आलेली माहिती प्रसारित करायची आणि ती कोणी पडताळायची, याचा कागद स्टुडिओच्या भिंतीवर लावून ठेवावा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर बाहेरगावची लाखो माणसे येतात. केंद्र त्या परिसरात असेल, तर पाणी, शौचालये, औषधोपचार, परतीच्या गाड्या आणि हरवलेली माणसे यांची माहिती हा त्या दिवसांचा मुख्य कार्यक्रम ठेवावा.

पैसा

जाहिरातींना आता ताशी १२ मिनिटे मिळतात आणि सरकारी जाहिरातीचा दर २०२४मध्ये दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. तीस सेकंदांची एक जाहिरात रोज दोनदा महिनाभर लागली तर १३,३२० रुपये होतात, आणि अशा जाहिराती दरमहा येत नाहीत. म्हणून केंद्राचा पगार व वीजबिल जाहिरातींवर अवलंबून ठेवू नये. परिसरातील दुकानदार, किराणावाले, शिकवणी वर्ग यांच्या छोट्या जाहिराती, वस्तीतील कुटुंबांची ऐच्छिक वर्गणी आणि एखाद्या विषयावरील ठरावीक मुदतीचे अनुदान, असे तीन झरे असावेत. देणगीदाराने कार्यक्रमाच्या आशयात हात घालू नये, हे करारात लिहून घ्यावे.

पहिला महिना

सुरुवातीला रोज चार तासच प्रसारण ठेवावे: सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. तेवढे ताजे आणि आपले कार्यक्रम भरता आले, की मगच वेळ वाढवावा. सर्व प्रसारणाचे मुद्रण तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे; त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क ठेवून प्रत्येक फाइलला तारीख व वेळ द्यावी.

पहिल्या आठवड्यातच दोघांनी स्वस्तातला रेडिओ संच घेऊन सायकलीने अथवा स्कूटरने आठही दिशांना जावे आणि दर अर्ध्या किलोमीटरवर थांबून आवाज स्वच्छ, खरखरीत की नाहीच, याची नोंद करावी. हीच फेरी घराच्या आत, तळमजल्यावर आणि टिनाच्या छपराखाली पुन्हा करावी, कारण श्रोता रस्त्यावर उभा राहून ऐकत नाही. या नोंदींचा नकाशा स्टुडिओत टांगावा, आणि ज्या वस्तीत आवाज पोहोचत नाही तिच्यासाठी स्पीकरवरची पूर्वीची बैठक चालू ठेवावी.